वस्तूचे छायाचित्र आणि क्रियापदाचा लोप

वस्तू आणि तिची प्रतिमा यांच्या परस्परसंबंधाचा विचार मराठी समीक्षेने केला आहे, तो बहुतांशी काव्यप्रतिमेच्या अंगाने. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) झालेल्या चर्चेत चित्र, शिल्प आणि संगीत यांचे दाखले वारंवार येतात. छायाचित्रातल्या वस्तूकडे मात्र आपण यंत्राची करामत म्हणून पाहिले आणि पुढे गेलो. आता तसे पुढे जाता येईल असे वाटत नाही. एखाद्या नित्याच्या किंवा विलक्षण वस्तूचे छायाचित्र आणि त्याखाली तिच्या अर्थाविषयी परिच्छेद-दोन परिच्छेदांचे चिंतन, हा एक लेखनप्रकारच आपल्याकडे रूढ होऊ घातला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तो आहे, दिवाळी अंकांत आहे, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात 'प्रकल्प' या नावाने तो रीतसर दाखलही झाला आहे. मोबाईलमधला कॅमेरा सर्वांच्या हाती आल्यापासून परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूरकडच्या महाविद्यालयांतून येणाऱ्या प्रकल्पवह्या या छायाचित्रांनीच भरलेल्या असतात. या प्रकाराची वाङ्मयीन तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा वह्यांत साधारणतः काय असते? जाते, पाटा-वरवंटा, उखळ, शिंकाळे, कंदील, चाडे, एखादी फुटकी कणगी. वस्तू धुऊनपुसून ओसरीवर ठेवलेली असते. मागे शक्यतो कोरी भिंत किंवा पांढरी चादर. खाली मथळा : 'लोप पावत चाललेला ठेवा', 'आजीच्या मायेची साक्ष', 'चाडे : पेरणीचे लाकडी साधन'. या मथळ्यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. त्यांत नामे आहेत, विशेषणे आहेत, षष्ठीचे प्रत्यय तर विपुल आहेत. क्रियापद जवळजवळ कोठेच नाही. जिथे आहे तिथे ते 'आहे' किंवा 'होते' एवढेच असते. चाडे हे पेरणीचे साधन आहे हे खरेच. पण आपल्याकडे चाड्यावर मूठ धरावी लागते. तिफणीमागून चालणाऱ्या बाईच्या मुठीतून दाणा किती आणि कसा सुटतो यावर रानाचे पीक ठरत असे. 'मूठ धरणे' हे क्रियापद गेले की चाडे म्हणजे भोके पडलेली एक लाकडी वाटी उरते, आणि तिच्याविषयी मग काहीही लिहिता येते.

माझे प्रतिपादन असे की, वस्तूच्या छायाचित्राशेजारी आपण जे चिंतन मांडतो ते क्रियापदाच्या या रिकाम्या जागेत उभे राहते आणि ती जागा बहुधा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या भावनेने भरली जाते. यात छायाचित्राचा दोष किती आणि मथळ्याचा किती, हे वेगळे करून पाहावे लागेल.

भाषेपासून सुरुवात करणे इष्ट. ज्याला आपण वस्तू म्हणतो त्याला शास्त्रग्रंथांनी 'पदार्थ' म्हटले. पदाचा अर्थ तो पदार्थ. म्हणजे वस्तूचा अर्थ शोधायला निघालेला माणूस आधीच शब्दाच्या अंगणात उभा असतो. बोलीतील मराठीने तर याहून पुढची गोष्ट केली आहे. घरातल्या वस्तूंना ती एकटे ठेवत नाही : भांडीकुंडी, पाटावरवंटा, उखळमुसळ, सामानसुमान, किडूकमिडूक. हे जोडशब्द केवळ नादासाठी आलेले नाहीत. वरवंट्याशिवाय पाटा म्हणजे एक दगड आणि मुसळाशिवाय उखळ म्हणजे एक खड्डा, हे ज्ञान त्या शब्दांच्या घडणीतच आहे. कोऱ्या चादरीपुढचे छायाचित्र पहिली गोष्ट करते ती ही जोडी मोडण्याची. ते वस्तूला एकवचनी करते.

हे एकवचन कोठून आले याचा माग काढला तर आपण छायाचित्रणाच्या आरंभापाशीच पोचतो. विल्यम हेन्री फॉक्स टालबट याचे 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे छायाचित्रांसह प्रसिद्ध झालेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक. ते १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी निघाले. त्यात २४ चित्रे आहेत. त्यांपैकी एकात फडताळावर मांडलेली चिनी मातीची भांडी आहेत, आणि त्यासोबतच्या मजकुरात टालबटला सुचते ते असे की, ही भांडी उद्या चोरीस गेली तर न्यायालयात हे मूक चित्र पुरावा म्हणून उभे राहू शकेल. दुसऱ्या एका चित्रात उघड्या दाराशी टेकवून ठेवलेला खराटा आहे. तिथे त्याला डच चित्रकारांची आठवण होते. पंचनामा आणि चित्र या दोन्ही शक्यता एकाच पुस्तकात, काही पानांच्या अंतराने आल्या आहेत. भांडी धन्याची असल्यामुळे त्यांची यादी झाली. खराटा चाकराचा होता, त्याचे चित्र झाले. तो खराटा रोज कोण हाती धरी हे दोन्ही ठिकाणी कोणी विचारलेले नाही. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत वस्तूंची जी छायाचित्रे निघाली, त्यांची वाटणी याच दोन घरांत करता येते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुसऱ्या घराचा विसाव्या शतकातला उत्तम नमुना म्हणजे वॉकर इव्हान्सने 'फॉर्च्यून' या अमेरिकी नियतकालिकासाठी १९५५ साली घेतलेली साध्या हत्यारांची छायाचित्रे. पाना, थापी असली पेटीतली अवजारे सपाट पार्श्वभूमीवर, जणू शिल्पे असावीत अशी ठेवलेली. ती देखणी आहेत यात वादच नाही. पाटणकरांच्या परिभाषेत बोलायचे तर लौकिक वस्तूला येथे अलौकिकाच्या कोटीत नेले आहे; उपयोगाचा हेतू गळून पडला आणि आकृती तेवढी उरली. पण पान्याच्या बाबतीत हे चालून जाते त्याचे कारण वाचकाच्या घरात तो पाना वापरात होता. क्रियापद वाचकापाशी होते, म्हणून चित्राने ते वगळले तरी बिघडले नाही. वापर संपलेल्या वस्तूला ही सवलत नसते.

आपल्याकडे या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर दिले ते एका कवीने. दिनकर केळकर (१८९६-१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत आणि गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, दौती, दरवाजे, वाद्ये गोळा करीत. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा राहिलेला पुण्यातील राजा केळकर संग्रहालयाचा पसारा आपल्या परिचयाचा आहे. एका माणसाने केलेले हे काम थक्क करणारे आहे. तरीही अडकित्त्यांच्या ओळीपुढे उभे राहिल्यावर जे घडते ते नोंदवावेसे वाटते : आपण मोर, घोडा, मिथुन या आकारांची तुलना करू लागतो आणि सुपारीचा विसर पडतो. अडकित्ता ज्या पानाच्या तबकात असे, जे तबक पाहुण्यापुढे सरकवले जाई, आणि जे सर्वांपुढे सारख्याच रीतीने सरकवले जात नसे, ती सगळी हालचाल काचेबाहेर राहते. संग्रहालय हे एका अर्थी सावकाश घेतलेले छायाचित्रच असते.

चिंतनाच्या धोक्याकडे वळू. हायडेगरने व्हॅन गॉखच्या चित्रातील जोड्यांविषयी जे लिहिले ते प्रसिद्ध आहे. त्या जोड्यांच्या काळोख्या आतल्या बाजूत त्याला शेतकरी बाईचे थकलेले पाऊल, ओली माती, भाकरीची चिंता असे सगळे विश्व दिसले. मेयर शॅपिरो या कलेतिहासकाराने १९६८ मध्ये शंका घेतली : ते जोडे शेतकरी बाईचे नसून शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच असावेत. कोणाचे म्हणणे खरे याचा निकाल येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे आहे ते हे की, वस्तू गप्प असते म्हणून तत्त्वज्ञाला तिच्या तोंडी हवे ते घालता येते. 'आजीच्या मायेची साक्ष' हा आमच्या विद्यार्थ्याचा मथळा आणि हायडेगरची शेतकरी बाई यांत प्रतिभेचे अंतर पुष्कळ असेल, रीत एकच आहे. जाते पाहून माया आठवते ती आयते पीठ मिळालेल्याला. पहाटे तीनला उठून पायली-पायली दळणाऱ्या बाईला जाते पाहून काय आठवे, हे तिला विचारल्याशिवाय कळणारे नाही.

आणि तिला विचारता येते, हे आपले भाग्य. तिने उत्तर देऊन ठेवलेले आहे. परभणी जिल्ह्याला तर या उत्तराची परंपराच लाभली आहे, कारण जनाबाई गंगाखेडची. जनाबाईच्या नावावर असलेल्या अभंगांत घरकामाच्या वस्तूंची जेवढी गर्दी आहे तेवढी दुसऱ्या कोणा संताच्या गाथेत क्वचितच आढळेल. पण त्या गर्दीत एकही वस्तू नुसती 'आहे' म्हणून आलेली नाही. दळणे, कांडणे, झाडणे, भरणे, वेचणे अशा क्रियांच्या पोटात वस्तू येतात, आणि देव येतो तोही त्या क्रियेत हात घालण्यासाठीच. तिच्या गोवऱ्यांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. दोन बायांत गोवऱ्यांवरून भांडण लागले. गोवरी कानाशी धरली असता जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती जनीची, असा निवाडा झाला. टालबटच्या भांड्यांशेजारी ही कथा ठेवून पाहावी. तिथे मालकी डोळ्याने सिद्ध होणार होती. येथे छायाचित्र काढले असते तर दोन सारख्या गोवऱ्या दिसल्या असत्या आणि वाद तसाच राहिला असता. थापणाऱ्या हाताबरोबर जे गोवरीत उतरले ते दिसण्याच्या कक्षेतले नव्हतेच.

आख्यायिका बाजूस ठेवली तरी ओव्यांचा भरभक्कम पुरावा आहे. हेमा राईरकर आणि गी पोएतव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदवल्या गेल्या. १९९०च्या दशकात त्यांतील अनेकांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या छायाचित्रांसह प्रसिद्ध होत आल्या आहेत. त्यांत आपल्याकडच्या ताडकळसच्या ओव्या आहेत, शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या आहेत. माजलगावच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर आहेत. ज्या दगडावर आपण फक्त माहेर आणि माया कोरून ठेवतो, त्याच दगडावर बसून बायांनी बुद्धाला आणि बाबासाहेबांना गायिले आहे. नवऱ्याविषयी, सासरविषयी, स्वतःच्या एकटेपणाविषयी कडवट बोलून घेतले आहे. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण आपण सवयीने आळशाच्या समजुतीसाठी वापरतो. ती वाङ्मयनिर्मितीविषयीचे एक नेमके विधान आहे : आधी क्रिया, मग शब्द. 'पारी'वर जात्याचे चित्र पाहताना शेजारी ओवी ऐकू येते, म्हणून ते चित्र पोरके वाटत नाही. ज्योती भट्ट यांनी गुजरात-राजस्थानातील भिंतीवरील चित्रे आणि रांगोळ्या टिपल्या तेव्हा त्या घरातली माणसे, गुरे, उंबरे चौकटीबाहेर काढले नाहीत. त्यामागची जाणही याच जातीची आहे.

यावरून छायाचित्र हे शब्दाचे निव्वळ मिंधे असते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शब्दाला न जमणारी एक गोष्ट छायाचित्राला जमते. ती म्हणजे झीज दाखवणे. रोलां बार्थने 'कॅमेरा ल्युसिडा'मध्ये (१९८०) छायाचित्राचे सार 'हे असे होते' या प्रत्ययात पाहिले, आणि सर्वांना समजणाऱ्या सांस्कृतिक आशयापासून अचानक टोचून जाणारा एखादा तपशील वेगळा काढला. वस्तूच्या छायाचित्रात टोचणारा तपशील बहुधा झिजेचा असतो. जात्याचा खुंटा घ्या. दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत, तेव्हा लाकूड जिथे पकडले जाई तिथे बारीक आणि चकचकीत होते, खालीवर मात्र खरबरीत राहते. दाणे वैरण्याच्या तोंडाची कड एका बाजूने अधिक गुळगुळीत होते. पाट्याला मध्ये खोलगटपणा येतो. विळ्याचे पाते घासून घासून चंद्रकोरीचे कोरीव नख होते. 'खूप वापरलेले' हे शब्द लिहिणे सोपे आहे. पण किती वापरले, कोठे धरले, डाव्या हाताने की उजव्या, हे तिरप्या प्रकाशात नीट घेतलेले छायाचित्र जितके सांगते तितके वर्णन सांगू शकत नाही. झीज हे वस्तूवर उमटलेले क्रियापद आहे. आमच्या प्रकल्पवह्यांत वस्तू धुऊनपुसून, दुपारच्या सपाट उजेडात, समोरून टिपलेली असते. नेमके हेच क्रियापद त्यामुळे पुसले जाते.

मात्र येथे थांबलो तर झिजेचे एक नवे कौतुक तयार होईल, आणि ते पुरेसे नाही. काही वस्तूंचा अर्थ कोणी हात लावला यात नसून कोणी लावायचा नाही यात होता. हॉटेलच्या बाहेर वळचणीला किंवा कोनाड्यात ठेवलेल्या निराळ्या कपबशीचे छायाचित्र कल्पावे. छायाचित्रात एक कप दिसेल. कडा उडालेला, जुना, कदाचित सुंदरही. निषेधाची झीज होत नाही. न केलेल्या स्पर्शाचा ठसा वस्तूवर राहत नाही, आणि म्हणून कॅमेरा त्या ठिकाणी आंधळा असतो. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) मराठी दलित आत्मकथनांनी जे केले ते या दृष्टीनेही पाहता येईल : डोळ्यांना निरागस दिसणाऱ्या वस्तूंची जबानी त्यांनी नोंदवून घेतली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तील (१९८०) टोपलीही अशीच. पुरवणीतल्या छायाचित्रात ती 'ग्रामीण कारागिरीचा देखणा आविष्कार' असते. कैकाड्याच्या पोराच्या नजरेतून ती फोक तोडताना धरले जाण्याची भीती असते, सोलून निघालेली बोटे असते, गाढवावरचे बिऱ्हाड असते, दारोदार हिंडून बदल्यात मिळणारे किंवा न मिळणारे धान्य असते. विणीची सुबकता दोन्ही ठिकाणी एकच आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) वस्तूची नोंद देणे-घेणे, हक्क आणि राबणूक यांच्या हिशेबातच येते, म्हणून ते पुस्तक चित्रांविनाही आज डोळ्यांपुढे गाव उभे करते. आत्र्यांचे सगळे निष्कर्ष मान्य करावेत असे मुळीच नाही. पण वस्तूची नोंद कशी घ्यावी याचा तो अजूनही चांगला धडा आहे.

'अडगळ' या शब्दाला भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'ने (२०१०) प्रतिष्ठा दिल्यानंतर जुन्या वस्तूंचे छायाचित्रण करणाऱ्यांना एक सोयीचे तत्त्वज्ञान मिळाले आहे. कादंबरीचा नायक पुरातत्त्वज्ञ आहे, त्याला थरांचे भान आहे. उपशीर्षकातील 'समृद्ध' हा शब्द तेवढाच उचलणाऱ्यांना ते असतेच असे नाही. शिवाय प्रत्यक्षातली अडगळ स्थिर नसते. आपल्याकडे माळवदावर नाहीतर गोठ्यात पडलेले जाते लग्नघरात पुन्हा खाली येते. घाणा भरताना त्याला हळदकुंकू लागते, त्यावर हळद दळली जाते. बारशाला वरवंटा बाळ होऊन पाळण्याखालून फिरतो. विद्यार्थ्यांनी आणलेल्या जात्याच्या छायाचित्रांत खुंट्याला बांधलेला दोरा किंवा दगडावरचा हळदीचा पिवळा डाग पुष्कळदा दिसतो, आणि मथळ्यात त्याचा उल्लेख नसतो, कारण 'लोप पावत चाललेला' या विशेषणाला तो डाग अडचणीचा आहे. दुसरीकडे तांब्यापितळेची भांडी मोडीत जातात, वजनावर विकली जातात. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, दळण गिरणीत गेले, पेरणी ट्रॅक्टरमागच्या यंत्राने होऊ लागली. यातल्या प्रत्येक बदलाला तारीख, भाव आणि माणूस आहे. ते विचारून घेणे हा लोकसाहित्याच्या अभ्यासाचाच भाग आहे. हुरहूर त्यानंतर वाटली तर वाटू द्यावी.

मी वर्गात हल्ली एवढेच सुचवतो की, मथळ्यात किमान एक सकर्मक क्रियापद असावे आणि त्याचा कर्ता नाव-गाव सांगून नव्हे तरी कामाने ओळखता यावा. याने शैली सुधारते असे नाही, पण प्रश्न बदलतात. जात्याच्या तळीचे छायाचित्र तिरप्या उजेडात घेतले तर दगडावर बारीक बारीक टाचे दिसतात. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडे पडू लागते. मग टाकी लावून घ्यावी लागते. पूर्वी जातेवडारांच्या बायका हाळी देत गल्लीतून येत, अंगणात बसून छिन्नी-हातोडीने दगड पुन्हा खरबरीत करीत, आणि पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण घाव सोसणाऱ्या दगडाची बाजू घेते. घाव घालणारीचा तिच्यात उल्लेख नाही. ओवीतही ती मला क्वचितच भेटली. ओवी दळणारीची असते, आणि दळणारी व टाकीवाली यांच्यामध्ये उंबरठा असे. प्रकल्पवह्यांतल्या एवढ्या जात्यांखाली तिच्याविषयी एक ओळ नसते. तिने केलेले टाचे मात्र त्या छायाचित्रांत, कोणी मुद्दाम टिपलेले नसतानाही, दगडभर आहेत.